बिडीवाले बाहेर

"हाऽ करा." नाडी बघण्याआधी डॉक्टरसाहेब पेशंटच्या तोंडाशी नाक नेत. बिडीचा वास आला की बोट थेट दाराकडे. "पहिले सोडा, मग या."

समता कॉलोनीत त्यांचा छातीचा दवाखाना होता आणि मी तिथली नर्स. असे डॉक्टर तुम्हीही पाहिले असतील. लोकांना बिडीवरून झापायचं आणि स्वतः दर तासाला मागच्या अंगणात सिगारेट ओढायची. कोणी विचारलं तर मी सांगे, "साहेब एक्स-रे पाहून राहिले." वर त्यांच्यासाठी खिशात विलायची बाळगे. केवढा तोरा होता माझा! जशी काही दवाखान्याची मालकीणच.

मग एक दिवस आमचेच हे आले. बीरगांवच्या कारखान्यात कामाला, महिनाभराचा खोकला. साहेब त्यांना चांगले ओळखत होते. तरी "हाऽ करा," आणि बोट दाराकडे. मी हातात ट्रे घेऊन उभी. आता नात विचारते, "आजी, आप कुछ बोली क्यों नहीं?" अगं, तुझ्या आजीनं ट्रे धरला होता ना! पडला असता तर?

"आता सोडूनच येतो तुह्या साहेबाकडे," हे म्हणाले. बिडी सुटेना आणि लाजेपायी दुसऱ्या डॉक्टरकडेही जाईनात. खोकल्यात रक्त पडलं तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. उशीर झाला होता.

तेरावं आटोपून मी कामावर गेले. बाक भरलेला, बिडीवाले व्हरांड्यात उभे. कोणीतरी विचारलं, "दीदी, साहब कहाँ हैं?"

"पीछे सिगरेट पी रहे हैं. चलो, दिखाती हूँ."

अख्खा व्हरांडा माझ्या मागे. साहेब भिंतीला टेकून धूर सोडत होते. एक म्हातारा पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "साहब, पहिली आप हाऽ करव."

लोक खोकत खोकत हसले. साहेबांचा तेव्हाचा चेहरा अजून आठवतो आणि, खोटं कशाला बोलू, जेवण गोड लागतं.

मला काढून टाकतील असं वाटलं होतं. भांडणाची चार वाक्यं पाठ करून ठेवली होती. माणसानं तेही सुख दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून "हाऽ" बंद. खाली बघून एवढंच म्हणाले, "सिस्टर, सगळ्यांना आत बसवा." सिगारेट मात्र त्यांची सुटली नाही.

गेल्या वर्षी ते वारले. त्याच्या आठवडाभर आधी मला घरी बोलावलं होतं. पलंगावर हाडं तेवढी उरलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी.

"सिस्टर, माफ केलं का मले?"

"नाही, साहेब."

एक्स-रे आपल्या अंदाजासारखाच निघावा, तशी त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

नळीला पीळ पडला होता. मी जरा वेळ बघत उभी राहिले. मग सोडवला.