शोकाकुल मित्रपरिवार

मंगळवारी मधल्या सुट्टीत माझ्या भाच्याला, निखिलला, वर्गातल्या मुलांनी मारलं आणि जिन्यावरून ढकललं. संध्याकाळी नांदेडच्या दवाखान्यात तो वारला. तो दहावीत होता.

मुदखेडहून तो रविवारी रेल्वेने माझ्याकडे नांदेडला यायचा. मी ग्रंथालयात काम करतो, एकटा राहतो. दारातूनच तो स्टेशनवर घोषणा करणाऱ्या बाईच्या आवाजात मामांचा चहा उशिराने धावत असल्याचं जाहीर करायचा. "मामा, बायको न्हाई तर न्हाई, मांजर तरी पाळा. घरात भांडायला कुणी पाहिजे का न्हाई?" मग पुस्तकं चाळत दुपार काढायचा. अशाच एका दुपारी मान वर न करता म्हणाला, "मामा, मला पोरी न्हाई, पोरं आवडतात." मी म्हणालो, "बरं. चहा टाकू?" तो माझ्याकडे बघत राहिला. "एवढंच?" म्हणाला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले...

शाळेत हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. चालण्याबोलण्यावरूनच मुलांनी त्याला 'वहिनी' करून टाकलं होतं. हजेरीत त्याचं नाव आलं की मागच्या बाकावरून "वहिनी हजर" असा आवाज यायचा, आणि सरही हसायचे. त्याने तक्रार केली तेव्हा म्हणाले, "तूच जरा पोरासारखा राहत जा की." माझी बहीण सुमन कुरकुरायची, याची पाण्याची बाटली भरलेली जाते आणि भरलेलीच परत येते. शाळेच्या मुतारीत जायची भीती वाटायची म्हणून तो दिवसभर पाणी पीत नसे. हे त्याने दवाखान्यात सांगितलं. मारणाऱ्यांची नावंही सांगितली... त्यानंतर तो बोलला नाही.

सावडणं उरकून परतलो तर मुदखेडच्या चौकात फ्लेक्स लागलेला. निखिलचा फोटो, 'अपघाती निधन', आणि खाली ओळीने वर्गातल्या मुलांचे फोटो, 'शोकाकुल मित्रपरिवार'. त्याने नावं सांगितलेली मुलंही त्या ओळीत होती. गॉगल लावून. मी सुमनच्या नवऱ्याला म्हणालो, "दाजी, चला, पोलिसांत सांगू." ते वर फ्लेक्सकडे बघत राहिले. "कारण इचारतील तिथं. काय सांगू? पोरगं तर गेलं, आता त्याचं नाव कशाला घालवता?" मी एकटाच जाऊन जबाब देऊन आलो. चौकशी चालू आहे असं सांगतात.

मग मुख्याध्यापकांना भेटलो. म्हटलं, सकाळच्या परिपाठात, सगळ्या मुलांसमोर, एकदा सांगा की निखिल पडला नाही, त्याला मारलं. का मारलं तेही सांगा. आणि असा मुलगा शाळेत अजून कुणी असेल, तर त्याने कुणाकडे यायचं ते सांगा. त्यांनी माझा हात हातात घेतला. "तुमचं दुःख समजतंय हो. पण असलं पोरांपुढं बोलायचं म्हणजे... पालक काय म्हणतील?"

"निखिललाही पालक आहेत," मी म्हणालो.

परिपाठ रोज होतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या. सुमनची धाकटी त्याच शाळेत सातवीत आहे. मी फोनवर विचारतो, आज काही सांगितलं का? ती नाही म्हणते. परवा तिने आपणहून सांगितलं, आठवीत एक मुलगा आहे, त्यालाही सगळे चिडवतात. तो रोज शाळेत येतो.