एका मापात बांधलेले अंक

साठ सालानंतर काही वर्षं मी यवतमाळच्या एका नव्या कॉलेजच्या वाचनालयात कारकून होतो. कॉलेज जे काही छापेल त्याची एक प्रत जपून ठेवायची, हे माझ्याकडचं एक काम. माहितीपत्रक, वर्षाचा अहवाल, विद्यार्थ्यांचा वार्षिक अंक. प्रत्येकावर 'दफ्तरप्रत' असा शिक्का मारायचा आणि डांबरगोळ्या टाकलेल्या लोखंडी कपाटात ठेवून द्यायचं. ते कपाट कोणी उघडत नसे. मला ते बरं वाटायचं, कारण उघडलं की लोक कागद उलटे ठेवतात.

माझा धाकटा भाऊ त्याच कॉलेजात शिकत होता. आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. माय आणि वडील घाटंजीकडे गावी. कॉलेजच्या वाङ्मय मंडळाचा फोटो निघणार होता, त्या दिवशी तो माझा पांढरा सदरा मागायला आला. मी त्याच्यापेक्षा उंच, म्हणून बाह्या त्याला लांब व्हायच्या. त्यानं त्या दोनदा दुमडल्या. "चुरगाळू नको," एवढंच मी म्हणालो.

त्यानंतर दीड महिन्यात तो काविळीनं गेला.

अंक छापून आला तो त्याच्यामागून. वाटायचं काम माझ्याकडेच होतं. यादीत नाव, समोर सही, हातात एक प्रत. त्याचं नाव आलं तेव्हा मी समोर 'मयत' लिहिलं आणि पुढच्या नावाला हाक मारली. एक प्रत गावी न्यावी, असं माझ्या मनातही आलं नाही. त्या दिवसांत मला काहीच वाटत नव्हतं. जेवण गोड लागत नव्हतं आणि कडूही लागत नव्हतं. कार्यालयातले म्हणायचे, मोठा धीराचा माणूस. कसला धीर? मी नुसता बधिर झालो होतो. उरलेल्या प्रती इतर कॉलेजांना गेल्या. दफ्तरप्रत तेवढी राहिली आणि तिचं ते फोटोचं पान मी कधी उघडलं नाही.

दोन वर्षांनी प्राचार्य म्हणाले, हे सुटे कागद वाळवी खाईल, बांधून घ्या. आता अहवाल लहान आणि अंक मोठे. एकावर एक ठेवले की अंकांच्या कडा बाहेर यायच्या आणि माझ्या डोळ्यांना खुपायच्या. बाइंडरला मी बजावलं, "सगळे एका मापात आले पाहिजेत."

"बाबूजी, मोठ्या अंकाची कड कापा लागन," तो म्हणाला.

"मग काप की."

खंड बांधून आला तेव्हा मी पानांचे आकडे तपासले. एकही पान गहाळ नव्हतं. कडा अशा सारख्या की हात फिरवावा. खूश होण्यासारखं त्या वर्षात एवढंच घडलं असेल.

पुढच्या उन्हाळ्यात माय एकटीच एस.टी.नं आली. भावाच्या वर्गातला एक मुलगा आमच्या गावच्या शाळेत मास्तर झाला होता. अंकात फोटो छापलाय, हे तिला त्याच्याकडून कळलं होतं; त्याची स्वतःची प्रत मात्र केव्हाच हरवली होती. भावाचा दुसरा एकही फोटो नव्हता. तिच्या पिशवीत लुगड्यात गुंडाळलेली काचेची चौकट होती, घाटंजीच्या बाजारातून आणलेली. छप्पन सालानंतर आमच्या भिंतीवरचे देव उतरले आणि बुद्धाची तसबीर लागली. तिच्या बाजूला मायनं खिळाही ठोकून ठेवला होता.

"तुले ठाव होतं?" तिनं विचारलं.

"होतं."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

मी कपाटाची किल्ली शोधू लागलो. चौकात एक फोटोवाला होता. छापलेल्या फोटोवरून तो दुसरा काढून द्यायचा. प्राचार्यांची परवानगी घेऊन मी खंड टेबलावर ठेवला आणि पान काढलं.

फोटोखाली नावं छापली होती. मागच्या रांगेतलं शेवटचं नाव भावाचं. मी वरची माणसं मोजली. एक कमी भरला. पुन्हा मोजली. फोटो पानाच्या पार कडेपर्यंत होता, आणि शेवटी उभा असलेला माझा भाऊ कडेबरोबर कापला गेला होता. राहिली होती फक्त त्याची एक बाही.

"कुठी हाये?" माय डोळे बारीक करून बघत होती.

अक्षर तिला येत नव्हतं. पण मी दुसऱ्या कुणावर बोट ठेवलं असतं तरी हे आपलं पोर नाही, हे तिनं ओळखलं असतं.

"माय, तो कापल्या गेला. कापाले मीनंच सांगतलं होतं."

  तिनं वाकून त्या बाहीवर बोट ठेवलं. कोपराच्या वर दोन घड्या स्पष्ट दिसत होत्या. गावी असतानाही तो माझे सदरे असेच दुमडून घालायचा.

"हा तुहा सदरा होय," ती म्हणाली.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तोच सदरा घातला होता. तीन वर्षं मी तो घालत होतो, इतर कपड्यांसारखा, मनगटाचं बटण लावून. मायनं माझा हात ओढून घेतला, बटण सोडलं आणि बाही दुमडली. एकदा, मग पुन्हा एकदा, पार कोपराच्या वर.

"असा दिसे," ती म्हणाली.

पलीकडच्या टेबलाशी मुलं वाचत बसली होती. त्यांच्यासमोर मी हात तसाच पुढे धरून उभा राहिलो आणि रडलो. भाऊ गेल्याला तीन वर्षं होत आली होती, तेव्हा पहिल्यांदा.

चौकट माय तशीच परत घेऊन गेली. खोलीवर आल्यावर मी सदरा काढून खुंटीला लावला. बाही पार चुरगाळली होती. मी ती सरळ केली नाही.