बत्ती-गुल सर

वक्त्याने श्रोत्यांकडे पाठ फिरवली की आमचे विभागप्रमुख प्रोजेक्टर बंद करीत. सूचना नाही, खाकरणे नाही. पहिल्या रांगेत बसून ते हातातल्या रिमोटचे बटण दाबत आणि पडदा काळा होई. इंदूरच्या त्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मुलांनी त्यांचे नाव ‘बत्ती-गुल सर’ ठेवले होते. परिषदेच्या दिवशी मंचामागे कुजबुज चाले, “भिया, सामने बत्ती-गुल बैठे हैं. स्क्रीन की तरफ मुड़ना मत!”

त्यांचे म्हणणे थोडके होते. “पडदा आम्हालाही वाचता येतो. तुम्ही बोला न.” चित्र लावावे, लोकांना ते पाहू द्यावे, तोवर गप्प राहावे, मग बोलावे. काम संपताच चित्र काढून टाकावे. एवढेच त्यांनी आम्हांला शिकवले, आणि तेही वळ उठतील अशा रीतीने. मला ते आवडत. कारण विचारू नये.

शुभदा नागपूरहून नव्याने आलेली प्राध्यापिका. तिचा पहिला शोधनिबंध ऐकायला सांवेर रोडच्या कारखान्यांतील मंडळी आली होती. तिने पडद्यावर आकड्यांचा भलामोठा तक्ता लावला. सर म्हणाले, “मॅडम, जरा शेवटच्या रांगेत जा. तिथून वाचा.”

ती गेली. तिला स्वतःचाच तक्ता वाचता येईना.

“मग हा लावला कोणासाठी? लोकांचा टाइम खोटी करू नका.”

लोक हसले. तिचे डोळे भरले. “रडणं नंतर. आधी बोला,” असे म्हणून त्यांनी पडदा काळा केला. ती बोलली, वाईट बोलली. मात्र त्यानंतर बोलताना तिने श्रोत्यांवरची नजर कधी काढली नाही.

निवृत्तीनंतर सरांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, वाणी सावरली नाही. शुभदा तोवर विभागप्रमुख झाली होती. परिषदेच्या उद्घाटनाचे भाषण करायला तिने सरांना बोलावले. मी त्यांना नको म्हणालो.

“एकदा बोलायचंय, कुलकर्णी,” ते थांबत थांबत म्हणाले. “उभं राहून. मग... झालं.”

शब्द ऐनवेळी सापडत नाहीत, म्हणून त्यांनी सगळे भाषण पडद्यासाठी लिहून काढले.

मंचावर पहिल्याच वाक्यात ते अडखळले. मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि पडदा वाचू लागले. मागे कोणी तरी हसले. त्यांच्या जुन्या खुर्चीत शुभदा होती. रिमोट तिच्या हातात होता.

पडदा काळा झाला.

सर वळले. तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. शब्द आला नाही. त्यांनी तिच्याकडे पाहून मान डोलावली आणि ते मंचावरून उतरले. तिने पुढच्या वक्त्याचे नाव पुकारले.

रिक्षात मी म्हणालो, “तिने असं करायला नको होतं.”

घराची गल्ली येईपर्यंत ते उत्तर शोधत राहिले.

“उशिरा,” ते म्हणाले. “उशिरा... दाबलं.”