सोडण्याचा पाठ पुढच्या आठवड्यात

ताडपत्री अठरा फूट लांब आणि बारा फूट रुंद होती, तिच्या चारही कडांना पितळी कड्यांची भोके होती, आणि ती माझी नव्हती. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी मी मुलींच्या वहीत व्यवस्थित उतरवून दिल्या होत्या. तिसरी सांगायची राहून गेली.

सत्तरचे दशक सरत आले होते. साकोली तालुक्यात, एकोडीहून सायकलने अर्ध्या तासावर असलेल्या एका खेड्यातल्या शाळेत मी शिक्षिका होते. गाइड पथकाचे दहा दिवसांचे प्रशिक्षण घेण्यासाठी शाळेने मला पाठवले, कारण सायकल चालवू शकणारी आणि अविवाहित अशी बाई मी एकटीच होते. परत आले ती एक शिट्टी, एक निळा रुमाल आणि बारा गाठींच्या आकृत्यांची वही घेऊन. त्या बारा गाठी हाताला बसाव्यात म्हणून मी महिनाभर सराव केला. मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते त्या शेतकरी कुटुंबाला या सरावाचा बराच उपद्रव झाला. घरमालकीण सकाळी पाणी काढायला जाई तेव्हा तिची बादली ओसरीच्या खांबाला बांधलेली असे, खाटेचा पाय कवाडाच्या कडीला, आणि एकदा तर माझ्या तंद्रीत तिच्याच पदराचे टोक उखळाला.

"बाईजी, माही बादली काहून कैद केली?" असे ती विचारी. मी तिला खुंटगाठीची रचना समजावून सांगू लागले की ती म्हणे, "तुमाले लगीन करून द्याले पायजे. हात रिकामे हायेत."

पथकात चौदा मुली होत्या, त्यांत घरमालकाची थोरली मुलगीही होती. शिकवण्याची माझी पद्धत काटेकोर होती. प्रत्येक गाठीला दहा गुण. मुलीने बाकाच्या पायाला गाठ बांधायची, मी तीन हिसके द्यायचे. पहिल्या हिसक्याला सुटली तर शून्य, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला सात. तिन्ही हिसके सोसून जी गाठ हलली नाही तिला पैकीच्या पैकी. गुण फळ्यावर लिहिले जात. या पद्धतीत एक दोष होता, तो आज कोणाच्याही लक्षात येईल. गाठ कशी सुटते याला एकही गुण नव्हता. तो घटक मी नियोजनाच्या वहीत वेगळा काढला होता: 'गाठ सोडणे', एक तासिका, शिबिरानंतरचा आठवडा. आधी बांधणे, मग सोडणे, हा क्रम मला इतका निसर्गाला धरून वाटला की त्याबद्दल मी दुसऱ्यांदा विचार केला नाही.

शिबिर गावाबाहेरच्या बोडीच्या पाळीवर घ्यायचे ठरले. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव, आणि पाळ म्हणजे त्याचा मातीचा बांध. तिच्या पाळीवर आंब्याची दोन झाडे एकमेकांपासून वीस फुटांवर उभी होती, जणू कोणी माझी वही वाचूनच ती लावली असावीत. तंबू शाळेकडे नव्हता. ताडपत्री गावात तिघाचौघांकडे होती, आणि दिवाळीनंतरच्या त्या दिवसांत ती मागणे म्हणजे ऐन लग्नात नवरदेवाची घोडी मागण्यासारखे होते. धानाची मळणी होऊन राशी खळ्यांवर पडल्या होत्या. घरमालकाची रासही तशीच उघड्यावर होती. वर्षाचे खाणे, पुढचे बियाणे आणि बाजारात जायचे धान, सगळे त्या एका ढिगात. पोती यायला अजून तीन दिवस होते. भिजलेल्या धानाला दोन दिवसांत मोड येतात, हे मला मुलींना शिकवावे लागले नव्हते. त्यांनीच मला शिकवले होते.

तरी घरमालकांनी ताडपत्री दिली. मुलगी पथकात होती आणि घरमालकीण मागे लागली होती, ही दोन कारणे. तिसरे असे की तीन आठवडे आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. शुक्रवारी न्यायची, रविवारी दुपारी परत आणायची असा करार झाला. सोबत बैलबंडीचा नाडा, म्हणजे लांब जाड दोर, आणि अंबाडीच्या आठ दोऱ्याही त्यांनी दिल्या.

"आभाळ साफ हाय," ते म्हणाले. "पन आभाळ कोनाले लिहून देत नाई, बाईजी."

मी त्यांना शब्द दिला. शब्द देताना माझ्या डोळ्यांसमोर दोन आंबे आणि त्यांच्यामधली ताणलेली दोरी होती.

शुक्रवारी संध्याकाळी उभारणी झाली, ती माझ्या आयुष्यातल्या उत्तम पाठांपैकी एक होती. आधी आढ्याची दोरी, म्हणजे बंडीचा नाडा, दोन झाडांच्या मधे छातीच्या उंचीवर. दोरी बुंध्याभोवती दोनदा फिरवायची, दुसरा वेढा पहिल्यावरून ओलांडून स्वतःच्याच खालून काढायचा. मग ताडपत्री त्यावर मधोमध टाकायची, आणि दोन्ही बाजूंना चार-चार दोऱ्यांनी खुंट्यांकडे ओढायची. खुंटी जमिनीत सरळ ठोकायची नाही. तिचे डोके राहुटीपासून दूर झुकलेले हवे, म्हणजे ओढ बसली की ती आणखी रुतते. एका कोपऱ्याची पितळी कडी निघाली होती. तिथे ताडपत्रीच्या पोटात बोराएवढा गोल खडा ठेवून, त्याच्या मानेशी बाहेरून दोरी आवळली. खडा निसटत नाही आणि कापड फाटत नाही. ही युक्ती पाहून मुलींना माझ्याबद्दल जो आदर वाटला तो पुढे छत्तीस तास टिकला.

एक गोष्ट मात्र मी शिकवली नव्हती, तरी ती घडत होती. प्रत्येक मुलगी दोरी आधी बोडीत बुचकळून आणत होती. मी कारण विचारले. घरमालकाची मुलगी म्हणाली की ओली करून बांधली की गाठ वाळल्यावर दगड होते, आणि मग तीन काय, तीस हिसके दिले तरी हलत नाही. फळ्यावरच्या गुणांनी केवढी बुद्धी चालवली आहे, याचे मला कौतुक वाटले. मी सर्वांना पैकीच्या पैकी गुण दिले, आणि उत्साहाच्या भरात प्रत्येक गाठीवर आणखी एक गाठ मारायला सांगितली.

शनिवारी दुपारी घरमालकिणीचा भाऊ शिबिर पाहायला आला. तो चिखल्याच्या खाणीतून मँगनीज वाहणारा ट्रक चालवी आणि मळणीच्या कामाला बहिणीकडे आला होता. ताडपत्री मुळात त्याच्याच गाडीवरची. जुनी झाल्यावर त्याने ती मेव्हण्याला दिली होती. त्याने राहुटीला एक फेरी मारली आणि एक गाठ अंगठ्याने दाबून पाहिली.

"बाईजी, आमची ताडपत्री रोज चढते अन् रोज उतरते," तो म्हणाला. "तुमची चढली, बढिया चढली. उतरन कशी?"

मी त्याला नम्रपणे सांगितले की तो पाठ पुढच्या आठवड्यात आहे.

रविवारी सकाळी पोह्यांची कढई चुलीवर असताना बोडीच्या पाण्याचा रंग बदलला. मान वर केली तेव्हा एकोडीच्या अंगाने आभाळ काळे निळे होऊन चढत होते. वारा सुटला. पाळीवरून घरमालक सायकल दामटत येताना दिसले. त्यांना काही सांगावे लागू नये म्हणून मी आधीच शिट्टी वाजवली आणि राहुटी सोडण्याची आज्ञा दिली.

चौदा मुली अठरा गाठींना भिडल्या. पुढची पाच मिनिटे एकही गाठ हलली नाही. नखे झाली, दात झाले, केसांतल्या पिना वाकल्या. एका मुलीने कंपासपेटीतले कर्कटक आणले आणि त्याचे टोक मोडले. दोन दिवस ऊन खाल्लेली अंबाडी आणि तीवर माझ्या आज्ञेने चढलेली दुसरी गाठ. त्यातून ऊही बाहेर आली नसती. मी स्वतः आढ्याच्या गाठीशी झटत होते, आणि वहीतल्या सगळ्या आकृत्या मला आठवत होत्या. सगळ्या आकृत्यांत दोरी आत जाण्याचे बाण होते. बाहेर येण्याचा बाण एकीतही नव्हता.

घरमालकांनी एक गाठ हातात धरून पाहिली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हे ओलं करून बांधाले कोनं शिकवलं तुले?" त्यांनी मुलीला विचारले.

"तुमीच ना जी, बाबा. कुडाच्या कामट्या अशाच तर बांधता."

तिचे उत्तर बिनचूक होते. आमच्याकडे घराचा कुड, म्हणजे कामट्यांची भिंत, आणि छपराचा सांगाडा ओल्या दोरीने बांधतात, कारण ती गाठ जन्मात सोडायची नसते. मुलींनी आईबापांचे पाहून तेच केले होते, आणि मी त्याला दहापैकी दहा दिले होते. दोन रात्रींसाठी राहुटी उभारायला निघालेले आमचे पथक पिढ्या टिकणारे घर बांधून बसले होते.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर पहिला नियम होता: दोरी कधीही कापू नये. तो मी लाल शाईने अधोरेखित केला होता आणि मुलींकडून पाठ करून घेतला होता. चुलीशी जळण तोडायचा विळा पडला होता. घरमालकांची नजर त्याच्याकडे गेली, पण ते थांबले. नियम त्यांच्या मुलीने घरी म्हणून दाखवला असावा. विजेचा कडाका झाला. मी विळा उचलला आणि आढ्याचा नाडा दोन्ही झाडांशी कापला, मग एकेक करून आठही दोऱ्या, दोन्ही टोकांच्या गाठींशी. एका मुलीने हळूच विचारले, "बाई, माहे मार्क जातीन का?"

ताडपत्री खांद्यांवर घेऊन आम्ही सोळा जण शेतांच्या धुऱ्यांवरून, बांधाबांधाने पळालो. मी नाडा आणि दोरीचे आठ तुकडे गळ्यात घातले होते.

खळ्यावर घरमालकीण आणि तिचा भाऊ रास फावड्यांनी गोळा करून वर ओढत होते. ताडपत्री राशीवर पडली, पण वारा तिला पोटात घेऊन फुगवू लागला. तिच्यावरून दोन लांब दोर आडवे ताणल्याशिवाय ती टिकणार नव्हती. त्या घटकेला गावातला प्रत्येक दोर आपापल्या मालकाच्या राशीवर होता. आमच्याकडे एक नाडा होता आणि आठ तुकडे होते.

आठ तुकडे जोडायला सात गाठी लागतात. सात गाठींना चौदा मुली. हा हिशेब मी मोठ्याने केला नाही, मी फक्त म्हणाले, "कोळीगाठ. जोडीजोडीने." ही गाठ मासे धरणाऱ्यांची. प्रत्येक दोरी दुसरीच्या अंगावर एक गाठ मारते, आणि ओढले की त्या दोन गाठी सरकत येऊन एकमेकींना घट्ट भिडतात. पहिला थेंब पडला तेव्हा मुली गुडघ्यांवर बसून बांधत होत्या. मी दोराच्या एका टोकाला उभी राहिले आणि सवयीने तीन हिसके दिले. सातही गाठी जागच्या हलल्या नाहीत.

मग ट्रकवाल्या भावाने दोर माझ्या हातातून घेतला. एक टोक बंडीच्या चाकाला बांधून त्याने तो राशीवरून पलीकडे फेकला. बैल बांधायच्या खुंट्याच्या हातभर अलीकडे दोराला पीळ देऊन एक फासा केला, मोकळे टोक खुंट्याखालून घेऊन त्या फाशातून ओवले आणि पाय रोवून खाली ओढले. दोर वीणेच्या तारेसारखा ताणला गेला. शेवटची अडकवण त्याने टोक दुमडून केली, त्यामुळे दुमडीचा एक कान बाहेर राहिला. नाडाही त्याने तसाच ताणला.

"हा कान दिसते ना बाईजी," तो म्हणाला, "हाच तुमचा पुढच्या आठवड्याचा पाठ."

पाऊस तासभर कोसळला. आम्ही सगळे बंडीखाली आणि गोठ्याच्या वळचणीला उभे होतो. घरमालक राशीकडे पाहत होते, मी गाठींकडे. आभाळ उघडले तेव्हा राशीच्या एका काठाला हातभर धान ओले झाले होते. ते घरमालकिणीने सुपात भरून वेगळे वाळत घातले. बाकी रास कोरडी होती. भावाने मला पुढे बोलावले आणि कान ओढायला सांगितले. मी ओढला. सगळा ताण एका क्षणात उतरला आणि दोर माझ्या पायांशी येऊन पडला.

घरमालकीण म्हणाली, "आता कळलं ना जी? आता माह्या बादलीलेबी असंच बांधजा."

सात गाठींचा तो दोर पुढे कित्येक वर्षे त्यांच्या बंडीवर होता. नाडा कापल्याची मी भरपाई देऊ केली तेव्हा घरमालकांनी विषय बदलला. मुलींचे गुण मी कमी केले नाहीत. मात्र फळ्यावर माझे नाव लिहून त्यापुढे शून्य मांडले, ते त्यांना फार आवडले.

सोमवारी मी नियोजनाची वही दुरुस्त करून मुख्याध्यापकांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर सारून वाचले: पहिला पाठ, गाठ सोडणे, दुसरा पाठ, गाठ बांधणे. ते म्हणाले की जे बांधलेच नाही ते सोडणार कसे, क्रम उलटा झाला आहे. बोडीच्या पाळीवरून उपटून आणलेली एक खुंटी मी पिशवीतून काढली. तिच्यावर दोरीचा तुकडा आणि दोन गाठी जशाच्या तशा होत्या. ती त्यांच्या टेबलावर ठेवून मी तासाला गेले.

दुसरा तास संपून मी परतले तेव्हा सही झालेली वही टेबलाच्या कडेला होती. मुख्याध्यापकांनी बाह्या वर केल्या होत्या, आणि त्यांनी माझ्याकडे न पाहताच विचारले की शाळेत कुठे कर्कटक मिळेल का.