शास्त्रीबुवांचा मांडव

"अपवाद आहे!" समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत शास्त्रीबुवांचं बोट वर जायचं. कोऱ्हाळ्यात भिक्षुकी करणारा हा गोरा, ढेरपोट्या माणूस जुनं धर्मशास्त्र कोळून प्यायला होता, पण पचल्या फक्त पळवाटा, असं माझे अण्णा म्हणत. आजाऱ्याऐवजी दुसऱ्यानं स्नान करून त्याला शिवलं तरी चालतं, असं शास्त्र. मग थंडीत बुवा पहाटे एक शिंक काढत आणि धाकट्या भावाला कालव्यात बुडी मारायला धाडत. तो कुडकुडत येऊन यांना शिवला की यांचं स्नान झालं! वर म्हणत, "नियम काय, कुणीही सांगेल. अपवादाला शास्त्री लागतो."

माझं लग्न अशाच अपवादावर तरलं. वऱ्हाड सणसरहून आलेलं. सासूबाईंना सून म्हणून स्वतःची भाची हवी होती, त्यामुळे त्या मोडता घालायला निमित्तच शोधत होत्या. देवक बसवायची तयारी चालली होती आणि इंदापूरच्या वाटेनं आमच्याच महारवाड्यातले दगडूतात्या काठी टेकत येताना दिसले. गावोगाव मयताचा सांगावा पोचवणं हे त्यांच्या घराकडे पिढीजात आलेलं काम. आमचे एक चुलत आजोबा इंदापुरात अंथरुणाला खिळलेले. सूतक लागलं की लग्न लांबणार, आणि लांबलं की मोडणारच.

"तात्या, तोंड उघडू नका!" लग्न लावायला आलेले बुवा मांडवातूनच ओरडले. "सूतक ऐकल्यावर लागतं. देवक बसलं की मग लग्नाला लागतच नाही!" सोवळं सावरत ते धावले, तात्यांचा हात धरला आणि त्यांना थेट मांडवात आणून पाटावर बसवलं.

"अवो बुवा, शिवलासा की!" सासूबाई किंचाळल्या.

बोट वर. "अपवाद आहे! लग्नाच्या मांडवात विटाळ नाही. यात्रेत नाही, लढाईत नाही. इथे तर तिन्ही चाललंय."

"मंग, बोलू का?" तात्यांनी विचारलं. बुवांनी घाईघाईनं त्यांच्या तोंडात बुंदीचा लाडू कोंबला. जरा वेळानं पुन्हा "बोलू?" पुन्हा लाडू. पुढं तात्या नुसते खाकरले तरी लाडू हजर! हळदीच्या अंगानं मी पदरात तोंड खुपसून हसत होते. शेवटी देवक बसलं. बुवा म्हणाले, "आता बोला."

"घाई काय हाय? ह्यो येवढा संपू द्या की," तात्या म्हणाले. मग तोंड पुसून हळूच सांगितलं, "इंदापूरचं थोरलं आबा गेलं." अण्णा रडले आणि रडता रडताच अक्षता वाटायला लागले.

मांडव निघाला आणि तात्यांच्या ओंजळीत पुन्हा वरून पाणी पडू लागलं. माहेरपणाला आले तेव्हा मला ते बघवेना. मी बुवांना धारेवर धरलं, "मांडव होता तोवर माणूस, आणि आता परत विटाळ व्हय?" त्यांचं बोट वर आलं ते तसंच राहिलं. अपवाद सापडेना.

दुसऱ्या दिवशी बघते तर बुवा स्वतःच्या दारात मेढी रोवून आंब्याचे टहाळे बांधत होते. "लग्न कुणाचं, बुवा?"

"ठरायचंय. पण मांडव आहे ना? मग विटाळ नाही."

तो मांडव कधी निघालाच नाही. टहाळे सुकले की नवे चढत. तात्या तिथे बुवांच्या शेजारी जेवत. गाव चिडलं, काही घरांनी बुवांना बोलावणंच बंद केलं. "बरं झालं," बुवा म्हणाले, "पंगतीला वेळ मिळाला." मग गावही थकलं.

काही वर्षांनी एका दुपारी सणसरला आमच्या दारात दगडूतात्या काठी टेकून उभे राहिले. एरवी ही त्यांची बुवांच्या पंगतीची वेळ.

"पोरी, आदी जेवाय वाढ," ते म्हणाले. "मंग सांगतो."

मी परसातल्या आंब्याची डहाळी मोडून चौकटीत खोवली.

"ह्ये काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"मांडव," मी म्हणाले, आणि तात्यांचा हात धरून त्यांना आत पाटावर बसवलं. घरात लाडू नव्हते, म्हणून भाकरीवर गूळ ठेवला. ते सावकाश जेवत राहिले, मी वाढत राहिले. त्यांच्या तोंडात घास होता तोवर शास्त्रीबुवा होते.