ताईंनी पुसलेली आगगाडी

पहिल्यांदा त्यांच्याकडे माझं लक्ष गेलं, तेव्हा ते बसथांब्यामागे उकिडवे बसून चहाच्या गाळणीतून माती चाळत होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश, आणि हातात गाळणी! मी शाळेत निघालो होतो. रस्त्यात कोणी असं काही करताना दिसलं, की हा आपला माजी विद्यार्थी तर नाही ना, अशी मला आधी धास्ती वाटते. हे माझ्याच वयाचे होते, म्हणून निर्धास्तपणे विचारलं, "काही हरवलंय का?"

"नाही सर, सापडलंय," माझ्या बाहीवरचा खडू बघत ते म्हणाले. "अशी करडी माती फक्त इथेच मिळते. आमच्या दुकानापुढची फार तांबडी."

चाळलेली धूळ त्यांनी चष्म्याच्या डबीत भरली, टक्कन झाकण लावलं आणि बस पकडली.

पुढे फळ्यावरचं माझं मलाच दिसेना, म्हणून चौकातल्या चष्म्याच्या दुकानात गेलो, तर काउंटरमागे हेच. नंबर काढता काढता ओळख झाली, आणि महिन्याभरात त्यांच्या घरी जाणं-येणं सुरू झालं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, चहा छान करायच्या, पण कपाच्या तळाशी थोडी करडी माती उरायची. गाळणी तीच होती.

चष्मेवाल्यांच्या मागच्या खोलीत दोन जुनी दारं आडवी जोडून त्यांवर लढाईच्या काळातलं एक रेल्वे स्टेशन वसवलेलं होतं. पोलादी पत्र्यांनी मढवलेलं इंजिन, सपाट डब्यांवर दोरखंडांनी बांधलेले रणगाडे, तोफेचा डबा, जखमींचा डबा, वाळूची पोती, आणि करंगळीच्या पेराएवढे सैनिक. डब्यांच्या खिडक्यांना दुकानातल्या नमुन्याच्या भिंगांचे तुकडे बसवलेले. याला डायोरामा म्हणतात, हे त्यांनी मला सांगितलं. वहिनी त्याला पसारा म्हणत.

"हे सैन्य कुठल्या देशाचं?" मी विचारलं.

"माझं."

"म्हणजे?"

"खऱ्या देशाचं केलं की कोणीतरी येतो आणि सांगतो, बटणं चुकली. माझ्या सैन्याची बटणं मीच ठरवतो."

पण बटणांपेक्षा त्यांचा जीव मळात होता. नवं कोरं इंजिन म्हणजे खेळणं, असं त्यांचं मत. आधी रंग द्यायचा, मग स्पंजच्या कपच्याने टिपून टिपून गंज उठवायचा, धुराड्याला काजळी, चाकांवर तेलाचे ओघळ, आणि शेवटी त्या डबीतली धूळ. एका डब्याला गंज चढवताना त्यांनी तीन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे दिले होते. त्यांतल्या एकाला तो बरा वाटला, म्हणून त्याने परत केला नाही.

अशी वर्षं गेली. मी निवृत्त झालो, आणि त्याच सुमारास चष्मेवाल्यांची थोरली बहीणही. ताई इस्पितळात मेट्रन होत्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं आणि नोकरीबरोबर राहायची जागाही सुटली. त्या भावाकडे येणार हे ठरलेलंच होतं, आणि घरात मोकळी करण्यासारखी एकच खोली होती.

"आता पसारा हलवा," वहिनी म्हणाल्या. "की नणंदबाईंना रणगाड्यावर झोपवता?"

चष्मेवाल्यांना एकच आशा होती. छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांच्या मंडळाचं वार्षिक प्रदर्शन जवळ आलं होतं. ज्याचा पहिला नंबर येईल, त्याचं काम वाचनालयाच्या सभागृहात काचेच्या पेटीत कायमचं ठेवणार होते. नंबर आला तर स्टेशन वाचलं, नाहीतर दारं पुन्हा सुटी होणार आणि सैन्य खोक्यात जाणार.

ताई ठरल्यापेक्षा आधीच आल्या. प्रदर्शन दोन दिवसांवर होतं. संध्याकाळी चष्मेवाले दुकान बंद करून निघाले, तेव्हा मी त्यांच्याबरोबर होतो. दारातच स्पिरिटचा वास आला. मला वाटलं, कोणाला लागलं की काय.

मागच्या खोलीत ताई पदर खोचून उभ्या होत्या. एका हातात कापसाचा बोळा, दुसऱ्यात दात घासायचा ब्रश. आणि स्टेशनात इंजिन आणि पहिले दोन डबे असे लखलखत होते, की जणू गाडी लढाईला नाही, लग्नाला निघाली होती.

"आलास? बघ आता," ताई म्हणाल्या. "किती घाण करून ठेवली होतीस रे! नुसता गंज. घासून घासून हात दुखले. मागचे डबे उद्या करते."

चष्मेवाले इंजिनाशी वाकले. मग अगदी हळू म्हणाले, "ताई, तो गंज मी लावला होता."

"कोणी?"

"मी. मुद्दाम."

ताईंनी आधी भावाकडे, मग वहिनींकडे पाहिलं. "हा असं पहिल्यापासून करतो का लग्नानंतर?"

"माझ्याकडे काय बघता?" वहिनी म्हणाल्या. "मला असाच मिळाला."

मी हसलो, पण ताई हसल्या नाहीत. त्या खाली बसल्या. "तुझी खोली घेतेय," त्या म्हणाल्या, "म्हटलं, निदान तुझं सामान तरी नीट करून द्यावं." त्यावर रागावणार कसं? चष्मेवाल्यांनी त्यांच्या हातातला बोळा काढून घेतला आणि म्हणाले, "चहा घे आधी."

दोन दिवसांत गंज परत येणं शक्य नव्हतं. एक थर वाळायलाच दिवस लागतो, आणि गंजाला असे चार थर. दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं आणि दारावर पाटी होती, 'डोळे तपासणी नंतर.' मी मागच्या खोलीत डोकावलो, तर त्यांनी मला हाकललं. पण ते हसत होते, आणि त्यांचं ते हसू मला चांगलं ठाऊक होतं.

प्रदर्शनात त्यांच्या टेबलाभोवती गर्दी होती. इंजिन लखलखीत, मागचे डबे मळके, आणि मधोमध घाबरीघुबरी पलटण. कोणी बादली घेऊन धावतोय, कोणी बंदूक टाकून चाक घासतोय, एक अधिकारी आपलेच बूट पुसतोय. फलाटावर पांढऱ्या गणवेशातली एक बाई, एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट डब्यावरून फिरवून वर धरलेलं. बोटाला धूळ होती. बसथांब्यामागचीच असणार. आणि तोफेचं तोंड, जे एरवी फलाटाकडे असायचं, ते आदराने दुसरीकडे वळवलेलं.

परीक्षकांत एक निवृत्त लष्करी अधिकारी होते. त्यांना हसू आवरेना. "अगदी अस्संच! साहेबाला दिसेल तेवढीच गाडी धुवायचो आम्ही."

तेवढ्यात ताई आल्या. वहिनींनी माझी बाही धरली. ताईंनी चष्मा वर केला, खाली केला, वाकून पाहिलं.

"ही कोण?"

"मेट्रन," चष्मेवाले म्हणाले.

"म्हणजे मी."

"तसं काही नाही..."

"टोपी वाकडी आहे," ताई म्हणाल्या, आणि पुढचा बराच वेळ येणाऱ्या प्रत्येकाला ती बाई कोण हे त्याच सांगत होत्या.

पहिला नंबर एका पाणचक्कीला मिळाला. तिचं चाक खरोखर फिरत होतं. चष्मेवाल्यांचा दुसरा आला आणि दुसऱ्याला काचेची पेटी नसते. टेम्पोतून स्टेशन परत आलं. चष्मेवाल्यांनी निमूटपणे पहिला स्क्रू सोडवायला घेतला.

"काय करतोस?" ताईंनी विचारलं.

"तुझी खाट मांडायचीय ना."

"मग मांड की, त्या भिंतीला. मला एवढी मोठी खोली कशाला? वॉर्डात चाळीस खाटांमध्ये झोपणारी मी." मग भावाकडे बोट दाखवून, "आणि हे मोडलंस तर ती बाई कुठे जाईल?"

"आणि पुन्हा पुसलंस तर?"

"विचारून पुसेन."

वहिनी कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात गेल्या, पण कप चार काढले.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. मागची खोली ताईंची आहे. स्टेशन तिथेच आहे, आणि चष्मेवाल्यांना तिथे काम करायचं असलं, की ते दारावर टकटक करतात आणि ताई उठल्या असल्या तरच आत जातात.