माशांच्या टाकीला गॅस कुठला?

दोष तात्यांचा होता. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो. आमच्या घरात दोष कुणाचा हे ठरवायला चार मोठी माणसं बसली, की चहा संपेपर्यंत तो माझ्यावर आलेला असतो.

कराडचं इंजिनिअरिंग मी तिसऱ्या वर्षाला सोडलं. वाटलं होतं, आता पलूसला निवांत मासे पाळू. पण काचेच्या टाकीत झाडं लावणाऱ्या माणसाकडं मासे कमी आणि किस्से जास्त जमतात. शेवाळासारखं असतं ते. एका काचेवरचं खरवडून काढावं, तर दुसऱ्या काचेवर दुप्पट!

ज्यांना यातलं काही माहीत नाही, त्यांच्यासाठी एकदाच सांगतो. टाकीत नुसते मासे सोडायचे असतील तर हवेचा पंप पुरतो. पण तळाला गालिच्यासारखं गवत आणि मागं लाल पानांची झाडं वाढवायची असतील, तर पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडावा लागतो. थोडा थोडा, दिवसभर. तो कशातून सोडायचा? बाटलीतून, डब्यातून की सिलेंडरमधून? प्रश्न एवढाच. पण आमच्याकडं कुणाला प्रश्न विचारायला गेलं, की आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: "कॉलेज का सोडलंस?"

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. मिलिटरीतून सुभेदार होऊन परत आलेले, आता बारा एकर उसाला परेड शिकवतात. मेन रोडचा गाळा त्यांचा. त्यात मी टाक्या मांडल्या होत्या. सांगलीतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी नव्या दवाखान्यासाठी चार फुटी झाडांची टाकी सांगितली, तेव्हा तात्यांनी सगळ्यांसमोर बोली केली.

"दसऱ्याला उद्घाटन हाय. त्या दिवशी टाकी हिरवीगार आन् मासं जित्तं दिसलं, तर गाळा तुझा. न्हाईतर खतवाला दोन वर्सं मागं लागलाय, त्याला देतो. तू मग कॉलेजला जा, न्हाईतर माझ्यासंगं उसात ये."

मी म्हणालो, "चालंल." दसऱ्याला तीन महिने होते.

*

पहिला सल्ला माळी सरांचा. बारावीला रसायनशास्त्र शिकवायचे. अख्खं करिअर एकाच वहीवर काढलं. त्या वहीची पानं पिवळी पडली, सर तसेच.

स्वस्तातली पद्धत अशी, की बाटलीत साखरपाणी आणि बेकरीचं यीस्ट घालायचं. ते फसफसतं, गॅस निघतो, नळीनं टाकीत जातो. सर म्हणाले, "साखर विकत? या भागात? लोक हसतील आपल्याला. उसाचा रस घाल!"

मी नाही म्हणालो. फेस अंगावर येईल, म्हणालो. सर म्हणाले, "तिसऱ्या वर्षाला पळून आलेल्या मुलानं मला फर्मेंटेशन शिकवू नये." आणि त्यांनी आपल्या घरच्या टाकीवर प्रयोग सुरू केला. रसवंतीवरून पाच लिटर रस आणला, पाच बाटल्या भरल्या आणि बायको ओरडेल म्हणून सोफ्याखाली सरकवल्या.

चौथ्या दिवशी काकूंचा मला फोन. आवाज एकदम थंड.

"ओंकार, खरं सांग. सर कवापासनं गाळायला लागलेत?"

मी धावत गेलो. हॉलमध्ये वास असा, की दारातच झिंगावं. सर कोपऱ्यात उभे. वीस वर्षं तालुकाभर व्यसनमुक्तीवर भाषणं दिलेला माणूस, आणि समोर ओळीनं पाच फसफसत्या बाटल्या! मी काकूंना सगळं समजावलं. साखर, यीस्ट, झाडं, गॅस. त्यांना पटलंही. त्या उठून आत निघाल्या, आणि दारात थांबल्या.

"ते सगळं बरोबर हाय. पण पाचवी बाटली निम्मी कशी?"

सर म्हणाले, "निरीक्षण नोंदवायला."

*

दुसरी पद्धत मी स्वतः निवडली, म्हणून ती त्यातल्या त्यात शहाणपणाची होती. एका बाटलीत लिंबूसत्त्व, दुसरीत खायचा सोडा, वर झाकणांचा सेट. ऑनलाइन मागवला. दोन्ही पावडरी किलो किलो आणल्या, काट्यावर मोजून पुड्या केल्या, त्यावर नंबर घातले आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवल्या.

रविवारी आमच्याकडं ढोकळा झाला. इतका फुगला की भांड्याचं झाकण उचललं गेलं! आजूबाजूच्या तीन घरांत आईनं डबे पाठवले.

मी फळी बघितली आणि म्हणालो, "आई, माझ्या पुड्या?"

"मोजून ठेवलेल्या व्हत्या व्हय? तरीच म्हटलं, आज प्रमाण कसं जमलं!"

*

सचिन आटपाडीचा. घरी मेंढरं, हा पलूसच्या वर्कशॉपला वेल्डिंग करतो. आमच्या वयाचा असल्यामुळं तो सल्ला देत नाही, डायरेक्ट घोळ करतो.

"सिलेंडरच घे गड्या. बाटल्याबिटल्या बायकांचं काम. आमच्याकडं वेल्डिंगला हाच गॅस लागतोय. मालकाला इचारून एक छोटा आणतो."

छोटा म्हणजे कमरेएवढा. मोटरसायकलच्या मागच्या सीटवर उभा बांधला. ऊन लागू नये म्हणून वरून बापाचं काळं घोंगडं गुंडाळलं. नाक्यावर पोलिसानं अडवलं.

"काय रं! म्हाताऱ्याला असं दोरीनं बांधून नेत्यात व्हय?"

"म्हातारा न्हाई सायेब."

"मग कोण? तोंड उघडं कर त्याचं, गुदमारलं म्हंजे?"

सचिननं घोंगडं वर केलं. पोलीस पाच पावलं मागं गेला. मग लांबूनच हात केला, "जा बाबा. हळू जा, पण माझ्या हद्दीतनं लवकर जा!"

गॅस लावला. बुडबुडे असे सुंदर, की बघत बसावं. आठ दिवस बघत बसलो. झाडाला एक नवं पान नाही. शेवटी सचिनच्या मालकाला फोन केला, तर कळलं की त्या सिलेंडरमध्ये मिक्स गॅस असतो. बहुतेक आरगॉनच, कार्बन डायऑक्साइड नावापुरता. आरगॉन झाडाच्या काही कामाचा नाही.

सचिन जराही शरमला नाही. म्हणाला, "पण बारीक पत्र्याला लय झ्याक बसतोय!"

*

एव्हाना तात्यांना बातमी लागली होती. घरात कुणी काहीतरी निवडतंय आणि आपल्याला विचारलेलं नाही, हे त्यांना सहन होत नाही.

ते सकाळी गाळ्यावर आले ते लाल रंगाचं आग विझवायचं नळकांडं खांद्यावर घेऊन. सांगलीच्या जुन्या बाजारातून उचललेलं.

"ह्यात काय आसतंय सांग! सीओटू! मिलिटरीत अठ्ठावीस वर्सं ह्येच बघितलंय. तुमची इंजिनिअर पोरं हजारो रुपये घालवत्यात, आन् हितं डोकं चालवायचं काम!"

खरं तर कल्पना वाईट नव्हती. आगीचं योग्य नळकांडं घेऊन त्याला रेग्युलेटर बसवणारे लोक आहेत. पण सगळ्या नळकांड्यांत गॅस नसतो, काहींत पावडर असते. मी म्हणालो, "आवं तात्या, आधी त्यावरचं लेबल वाचू या."

"लेबल वाचून आग इझती व्हय?" म्हणाले आणि पिन उपसून दांडा दाबला.

पुढचं एक मिनिट गाळ्यात कुणालाच काही दिसलं नाही. टाक्यांची झाकणं लावलेली होती, हे माझं नशीब. धुरळा खाली बसला तेव्हा तात्या मधोमध अटेन्शनमध्ये उभे होते. टोपी पांढरी, भुवया पांढऱ्या, कलप लावलेल्या मिशा पांढऱ्या.

खोकला आवरून म्हणाले, "जरा जुना हाय. गॅस घट्ट झालाय."

*

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. या कामासाठीचाच छोटा सिलेंडर, रेग्युलेटर, टायमरवर चालू-बंद होणारा व्हॉल्व्ह आणि बुडबुडे मोजायची काचेची नळी, असा सगळा सेट घेतला. त्यासाठी माझी मोटरसायकल विकली आणि सायकलवर आलो. त्यावर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं मत दिलं. सायकलला धक्का मात्र कुणी दिला नाही.

सिलेंडर भरायला सांगलीला गेलो, तर गॅसवाल्यानं विचारलं, "कोल्ड्रिंकचं मशीन का?"

"नाही. माशांची टाकी."

त्यानं नोझल लावता लावता हात थांबवला. "मग मासं ढेकर देत्यात का?"

मी म्हणालो, "गॅस झाडांसाठी आहे."

"मग मासं कशाला ठेवलेत?"



*

आता डॉक्टरांची टाकी.

ती मी जीव ओतून लावली. सेकंदाला दोन बुडबुडे, सकाळी आठला चालू, संध्याकाळी पाचला बंद. टाकीच्या आत काचेची एक इटुकली बाटली चिकटवली होती. तिच्यातलं पाणी निळं असेल तर गॅस कमी, हिरवं असेल तर बरोबर, पिवळं झालं तर मासे धोक्यात. तीन आठवडे ते पाणी पोपटी हिरवं. गवत पसरलं, लाल झाडं पाण्याबाहेर डोकावायला लागली आणि मधून चाळीस निऑन टेट्रा मासे एका वेळी वळायचे. डॉक्टर रोज फोटो पाठवायचे. त्यांची एकच तक्रार, "बुडबुडे फार बारीक आहेत हो. पेशंटला वाटलं पाहिजे, आत काहीतरी चाललंय."

मी सांगितलं, "डॉक्टर, त्या व्हॉल्व्हला हात लावू नका." त्यांनी नाही लावला. तेवढं एक त्यांच्या बाजूनं.

दसऱ्याला सकाळी आठला मी तिथं हजर. बाटली बघितली: हिरवी. मासे बघितले: चाळीस. तोरणं लागली होती, पूजा मांडली होती. तात्या कडक इस्त्रीत आले आणि टाकीसमोर उभे राहिले. मग हळू म्हणाले, "आयला. हे तू केलंस?"

आयुष्यात पहिल्यांदा. मी मान हलवली.

"गाळ्याचे कागद उद्या करू," तात्या म्हणाले. "आता एक काम कर. पेढं कमी पडत्यात. मिरजेला माझ्या ओळखीचं दुकान हाय, तिथनंच आण. दुसरीकडचं नकोत."

सांगलीत पेढ्यांची दुकानं कमी आहेत का? पण उद्या कागद व्हायचे होते. डॉक्टरांची स्कूटर घेऊन मी गेलो. सणाची गर्दी, दुकानासमोर रांग. यायला दीड तास लागला.

जिन्यातच टाळ्या ऐकू आल्या. वर आलो तर सगळा दवाखाना टाकीभोवती. डॉक्टर, त्यांची बायको, पाहुणे, सगळ्यांचे मोबाइल वर. मधोमध खुर्चीवर तात्या, हातात प्रसादाच्या बुंदीची वाटी. टाकीत बुडबुड्यांचा नुसता फवारा उडत होता, आतलं काही दिसत नव्हतं. दिसत होते ते फक्त मासे. सगळे वरच्या पाण्याला लागून, तोंडं उघडी टाकून. तात्या एकेक बुंदी कुस्करून सोडत होते.

डॉक्टर खूश. "ओंकार, आता कशी टाकी जिवंत वाटते बघ!"

"ये, ये!" तात्यांनी मला हाक मारली. "आरं, एवढ्या मोठ्या टाकीला थेंब थेंब? ठिबकचा कॉक तरी जास्त सोडतोय! मी जरा मोकळा केला. आन् बघ, तीन आठवडं तू ह्यास्नी उपाशी ठेवलंस म्हणून सगळी कशी माझ्याकडं आल्यात! आरं, तोंड मिटंनात!"

एक पाहुणा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आणि ती छोटी बाटली! काय पिवळाधमक रंग आलाय. झेंडूला मॅचिंग."

मी पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला.

संध्याकाळी तात्या म्हणाले, "बोली म्हंजे बोली."

चाळीसपैकी तीन मासे वाचले. गाळा गेला.